सव्वासहा की एकसष्ट?

मंडळी, आजचा विषय ऐकून निम्मे लोक पळतील याची मला खात्री आहे. म्हणून आधीच सांगून ठेवतो, यात जमिनीची वाटणी आहे, पाऊस आहे (म्हणजे नाहीये) आणि एक निवृत्त मास्तर आहेत. मधेमधे प्रोग्रॅमिंग येईल, ते ज्यांना नको त्यांनी तेवढं सोडून वाचलं तरी चालेल. पण सोडू नका.

विषय असा, की मजकुरात लिहिलेला पॉइंटवाला आकडा कॉम्प्युटर वाचतो कसा?

आपण "१२.५" लिहितो तेव्हा आपल्या लेखी ती एक संख्या असते. कॉम्प्युटरच्या लेखी ती चार अक्षरं: एक, दोन, टिंब, पाच. या अक्षरांची संख्या करून देणारं फंक्शन प्रत्येक भाषेच्या स्टँडर्ड लायब्ररीत आयतं मिळतं. सी मधलं जुनंजाणतं म्हणजे 'एटूएफ', आणि त्याचा जास्त शहाणा भाऊ 'स्ट्रटूडी'. जावात 'पार्सडबल', जावास्क्रिप्टमध्ये 'पार्सफ्लोट', पायथनमध्ये नुसतं 'फ्लोट'. आपण सगळे ही रोज वापरतो आणि आत काय चालतं ते कोणी बघत नाही. नळ सोडला की पाणी येतं, तसं. (जतकरांना ही उपमा पटणार नाही. असो.)

जत म्हणजे सांगली जिल्ह्याचं पूर्वेचं टोक. क्षेत्रफळाने जिल्ह्यातला सगळ्यात मोठा तालुका, डफळ्यांचं जुनं संस्थान, पलीकडे कर्नाटक. सांगली म्हटलं की लोकांना कृष्णाकाठचा ऊस आणि हळद आठवते. आम्ही त्यातले नव्हे. आम्ही ज्वारी-बाजरीवाले, अलीकडे डाळिंबवाले, आणि कायमचे आभाळाकडे बघणारे. नोव्हेंबर २०२२ मध्ये पाण्यावरून आणि सीमेवरून जतच्या चाळीस गावांची बातमी देशभर गाजली होती, तोच हा तालुका.

तर आमच्या घरात वाटणी करायचं ठरलंय. वडील आणि दोन चुलते, तिघांत. भांडण काही नाही, अजून तरी. चुलतभाऊ डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे, त्याने हौसेने सी मध्ये छोटा प्रोग्राम लिहिला. सातबाऱ्यावरची क्षेत्रं एका फाइलमध्ये टाईप केली, प्रोग्रामने ती वाचायची, बेरीज करायची आणि तीन भाग पाडायचे. त्यातल्या तीन तुकड्यांची बेरीज आली ४.११ हेक्टर. मधले चुलते, तात्या, प्राथमिक शिक्षक म्हणून निवृत्त झालेत. त्यांनी शेजारी बसून वहीच्या मागच्या पानावर हिशेब केला तो आला ४ हेक्टर १२ आर ५० चौरस मीटर.

"दीड गुंठा गिळला की रं तुझ्या मशिननं," तात्या म्हणाले.

सगळे हसले, पण धाकटे काका तेवढे हसले नाहीत. "कुणाच्या भागातला गिळला ते बघा की आधी," एवढंच म्हणाले. वाटणीच्या बैठकीत असं वाक्य आलं की हवा बदलते. रस्त्याकडेच्या जमिनीत दीड गुंठ्यात माणूस घर बांधून राहतो.

काय झालं होतं ते सांगतो. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर आणि चौरस मीटर अशा तीन घरांत लिहितात आणि मधे टिंब देतात. म्हणजे तुकडे होते १.२०.५०, ०.८५.७५ आणि २.०६.२५. (इथे मी मराठी आकडे लिहितोय, फाइलमध्ये इंग्रजी होते.) शंभर चौरस मीटरचा एक आर, शंभर आरचा एक हेक्टर. सगळ्याचे चौरस मीटर केले तर १२,०५० अधिक ८,५७५ अधिक २०,६२५, म्हणजे ४१,२५०. तात्यांनी हेच केलं होतं.

'एटूएफ'ने काय केलं? एक वाचला, टिंब वाचलं, वीस वाचले. मग दुसरं टिंब दिसलं. एका संख्येत दोन टिंबं नसतात, म्हणून तिथेच थांबलं आणि १.२० परत देऊन मोकळं झालं. ना एरर, ना वॉर्निंग. तीनही तुकड्यांचे शेवटचे चौरस मीटर गेले: ५०, ७५ आणि २५. मिळून १५०, म्हणजे दीड आर, आणि आर म्हणजे जवळपास गुंठाच. जावास्क्रिप्टचं 'पार्सफ्लोट' अगदी असंच वागतं. 'स्ट्रटूडी' निदान "मी इथपर्यंत वाचलं" अशी खूण परत देतं, पण ती तपासायची तसदी घेणारा कोड मी नोकरीत फार कमी बघितलाय. पायथन मात्र सरळ हात वर करतो, की ही संख्या नाही, मी वाचणार नाही. मला हा स्वभाव आवडतो. चुलतभावाला मी काही बोललो नाही, कारण पुस्तकांत 'एटूएफ'च शिकवतात आणि ते गप्प राहून काय काय करतं ते शिकवत नाहीत.

हेक्टर त्यातल्या त्यात सज्जन. आजोबांच्या वेळच्या कागदांवर एकर-गुंठे आहेत. चाळीस गुंठ्यांचा एकर. कोणी "२-२०" अशी मधे रेघ देतं, कोणी टिंब देऊन २.२० लिहितं. अर्थ दोन एकर वीस गुंठे, म्हणजे अडीच एकर. मशीन वाचणार दोन पूर्णांक वीस शतांश. आणि कागदावर नुसतं "२.५" असेल तर? अडीच एकर की दोन एकर पाच गुंठे? दोन्हीत पंधरा गुंठ्यांचा फरक आहे आणि कागद लिहिणारा माणूस आता विचारायला नाही. हे कोणतंच फंक्शन सांगू शकत नाही, तो कागद कोणत्या काळातला आहे हे माहीत असलेला माणूस सांगू शकतो. टिंब दिसलं की ते दशांशचिन्ह, हा लायब्ररीचा समज आहे. आमच्याकडे टिंब म्हणजे "इथून पुढे धाकटं माप सुरू" एवढंच.

(बाकी जगातही गोंधळ कमी नाही. जर्मनीत दशांशाला स्वल्पविराम देतात. आणि आपला "१,२५,०००" 'एटूएफ'ला दिला तर उत्तर १ येतं. सव्वा लाखाचा एक रुपया!)

वाटणीचा हिशेब चौरस मीटरच्या पूर्ण संख्यांत करायचा ठरला आणि तो विषय मिटला. मग तात्यांनी खरं काम काढलं.

तात्यांकडे १९८७ पासूनची पावसाची वही आहे. एक वही नाही, चार आहेत. शाळेतून आणलेला एक साधा नळीचा पर्जन्यमापक मळ्यात रोवलेला आहे, रोज सकाळी बघायचा आणि लिहायचं. सरकारी पर्जन्यमापक महसूल मंडळाच्या गावी. तिथे पडतो तो पाऊस आमच्याकडे पडेलच असं नाही, आणि नुकसानभरपाई असो की फळपिकाचा विमा, आकडा तिथला धरतात. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर गेला तर अतिवृष्टी, नाहीतर नाही. पैसेवारी ५० पैशांच्या आत आली तर गाव टंचाईत, नाहीतर नाही. २०१६ च्या केंद्राच्या दुष्काळ नियमावलीनंतर इतर निर्देशांक आले, पण गावात अजून पहिला प्रश्न "पैसेवारी किती लागली?" हाच. तात्यांच्या वहीला कायद्याने काही किंमत नाही हे त्यांनाही माहीत आहे. तरी एकदा सगळं नीट मांडून ग्रामसभेत ठेवायचं त्यांच्या मनात आहे. "अडतीस वर्षं काय पडलं आणि काय न्हाई, कागदावर तर दिसू दे."

त्यांची नात आठवीत आहे. तिने सुट्टीत दोन वह्या टाईप केल्या होत्या, काही मोबाईलवर मराठी आकड्यांत, काही लॅपटॉपवर इंग्रजी आकड्यांत. फाइल उघडली आणि मी गारच झालो. "१२.५" आहे. "निरंक" आहे. नुसती आडवी रेघ आहे. "शिंतोडे" आहे. "नळी फुटली" आहे. एके ठिकाणी "विट्याला लग्नास गेलो होतो". हे सगळं 'एटूएफ'ला दिलं तर प्रत्येकाचं उत्तर एकच, शून्य. कारण वाचता आलं नाही तरीही ते शून्यच देतं, आणि खरोखर शून्य असलं तरीही शून्यच. 'निरंक' म्हणजे तात्यांनी बघितलं आणि पाऊस नव्हता. 'नळी फुटली' म्हणजे पाऊस असेल नसेल, कळायला मार्ग नाही. जतसारख्या तालुक्यात या दोन शून्यांत केवढं अंतर आहे! २००३ च्या दुष्काळाच्या वहीत पानंच्या पानं 'निरंक' आहेत. तात्यांनी ती रोज मळ्यात जाऊन, रिकामी नळी बघून लिहिली आहेत. ती लग्नाच्या दिवसाच्या शेजारी एकाच रांगेत बसवायची हे मला काही पटेना.

दुसरी गंमत मराठी आकड्यांची. कॉम्प्युटरच्या दृष्टीने प्रत्येक अक्षराला एक क्रमांक असतो. इंग्रजी शून्य ते नऊ म्हणजे ४८ ते ५७. आपले देवनागरी ० ते ९ युनिकोडमध्ये २४०६ ते २४१५, कानडी ३३०२ ते ३३११. सी ची फंक्शनं फक्त ४८ ते ५७ ओळखतात, त्यामुळे तात्यांचा सगळा पाऊस त्यांच्या लेखी शून्य. जावाची तऱ्हा अजब आहे. पूर्णांक वाचणारं 'पार्सइंट' मराठी आकडे घेतं आणि पॉइंटवालं 'पार्सडबल' घेत नाही. एकाच घरातल्या दोन जावा, एक पाहुण्याला चहा देते, दुसरी दार लावते. जावास्क्रिप्ट तर 'हा आकडाच नाही' म्हणून कळवतं. पायथन ३ चा 'फ्लोट' मात्र देवनागरी, कानडी सगळे निमूट वाचतो. एक आकडा मराठी आणि पुढचा कानडी दिला तरी वाचतो. अर्ध्या तालुक्यात दोन्ही भाषा एका वाक्यात बोलतात, तेव्हा हा प्रोग्रामर जतचाच असावा असं मला उगाच वाटून गेलं. :)

म्हणून पायथन घेतला आणि नियम एकच ठेवला. जे वाचता येत नाही ते बाजूला काढायचं, त्याचं शून्य करायचं नाही. बाजूला पडलेल्यांची यादी तात्यांपुढे ठेवायची.

यादीत एक नोंद निघाली "१२॥". तरुण वाचकांसाठी सांगतो, ही आपली जुनी रीत. आकड्यापुढे एक उभा दंड म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. १। म्हणजे सव्वा, २॥ म्हणजे अडीच, ३॥ म्हणजे साडेतीन. तात्यांच्या नळीवर एक-एक मिलिमीटरच्या रेघा, मधलं पाणी ते डोळ्याने पाव-अर्धा ठरवतात आणि तसंच लिहितात. युनिकोडमध्ये दंड आणि दुहेरी दंड यांचे क्रमांक २४०४ आणि २४०५, म्हणजे देवनागरी शून्याच्या अगदी शेजारी. पण पायथनला ते विरामचिन्ह. पाव-अर्ध्याची वेगळी चिन्हंही युनिकोडच्या ५.२ आवृत्तीत, २००९ साली आली. ती कोणाच्या कीबोर्डवर आहेत देव जाणे, आणि 'फ्लोट' तीही घेत नाही.

दंड ओळखायला मी चार ओळी लिहिल्या. तात्या खुर्ची ओढून शेजारी बसले. "सव्वा कळतंय व्हय मशिनला?" मी म्हटलं, तात्या, सव्वाच कळतं. एक दशांश कळत नाही.

हे त्यांना फार आवडलं, म्हणून इथेही सांगतो. आतमध्ये सगळं दोनच्या पटीत चालतं. अर्धा, पाव, अर्धपाव, असं निम्म्याचं निम्मं करत जेवढं बनतं तेवढंच तंतोतंत मावतं. म्हणजे पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी, तात्यांनी शाळेत घोकून घेतलेले सगळे पाढे कॉम्प्युटरच्या पोटात बिनचूक बसतात. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, म्हणजे जुना पैसा रुपयाचा चौसष्टावा भाग. तोही बसतो. पै तेवढी बसत नाही, ती १९२ वा भाग, त्यात तीनचा गुणक शिरलाय. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, आणि आणेवारीची पैसेवारी झाली. माणसांना सोपं झालं. पण दहा पैसे म्हणजे ०.१ आत साठवायला गेलात तर एकानंतर सोळा शून्यं आणि पुढे ५५५११ असं शेपूट लागतं. पन्नास पैसे मात्र बिनचूक, कारण ते अर्धे आहेत. आणि हवामान खातं ज्याला पावसाचा दिवस म्हणतं ती मर्यादा २.५ मिलिमीटर. अडीच! तीही बिनचूक.

मग ०.१ वाचताना लायब्ररी करते काय? तर जवळात जवळचा मावणारा आकडा शोधते. ऐकायला सोपं आहे. कॉलेजात आपण लिहितो तसं, एकेक आकडा घ्या आणि ०.१ ने, ०.०१ ने गुणून मिळवत जा, असं केलं तर प्रत्येक पायरीला चिमूटभर चूक साचते. त्यापेक्षा १२.४ म्हणजे १२४ भागिले १०. दोन्ही पूर्णांक बिनचूक मावतात, भागाकार एकदाच, चूक एकदाच आणि कमीत कमी. पंधरा आकड्यांपर्यंत आणि दहाच्या बाविसाव्या घातापर्यंत ही युक्ती चालते. आपल्या आयुष्यातले बहुतेक आकडे यात संपतात.

पुढे मात्र कठीण. लिहिलेला आकडा दोन मावणाऱ्या आकड्यांच्या बरोब्बर मधे आला तर इकडे जायचं की तिकडे, हे ठरवायला कधी कधी साडेसातशेहून जास्त आकडे बघावे लागतात. विल्यम क्लिंगर यांनी १९९० मध्ये यावर निबंध लिहिला. त्याच परिषदेत स्टील आणि व्हाइट यांचा उलट बाजूचा, आकडे छापायचा निबंध होता. त्याच वर्षी बेल लॅब्जच्या डेव्हिड गे यांनी कोड लिहिला आणि तो कित्येक भाषांच्या पोटात गेला.

आणि जानेवारी २०११ मध्ये मजा झाली. २.२२५०७३८५८५०७२०११ गुणिले दहाचा उणे ३०८ वा घात, हा एक आकडा पीएचपीला वाचायला दिला की काही ३२ बिट मशिनांवर ते वाचतच बसायचं. इकडचा शेजारी जवळ की तिकडचा, हे ठरेचना. वेबसाइटच्या फॉर्ममध्ये कोणी हा आकडा टाकला की सर्व्हर अडकला. घाईघाईने नवी आवृत्ती काढावी लागली. पुढच्याच महिन्यात जावात जवळपास तोच आकडा, शेवटी ११ ऐवजी १२, आणि तीच गत. तिथे तर प्रोग्राममध्ये लिहिला तर कंपायलरच अडकायचा.

आता परिस्थिती फारच सुधारली आहे. मॉन्ट्रियलचे डॅनियल लेमिर यांनी मायकेल आयझेल यांच्या कल्पनेवरून अशी रीत बसवली की सेकंदाला गीगाबाइटभर मजकुरातले आकडे बिनचूक वाचून होतात. दहाच्या घातांचा तक्ता आधीच १२८ बिटांत करून ठेवायचा, गुणायचं, आणि शंका आली तरच सावकाशीच्या रस्त्याला लागायचं. २०२१ मध्ये ही रीत गो आणि रस्ट या भाषांत आली, २०२२ मध्ये जीसीसी १२ च्या सी++ लायब्ररीत. वाचून खरंच टोपी काढावीशी वाटते. पण सतराव्या आकड्यासाठी एवढी अक्कल खर्च करणाऱ्यांना आमच्या वहीतला पहिलाच आकडा चुकला तर कळणारही नाही.

चुकला होताच. यादीत न आलेल्या, म्हणजे मशीनने सुखाने वाचलेल्या नोंदी मी सहज चाळत होतो, तर एका दिवसाचा पाऊस ६११ मिलिमीटर! जतला! तात्या हसून हसून बेजार झाले. वहीत होतं ६॥, नातीने दोन दंडांना इंग्रजी अकरा समजून टाईप केलं होतं. बरोबरच आहे, तिने ही रीत कधी बघितलेलीच नाही. ६११ लगेच दिसलं कारण ते अशक्य आहे. पण मग "६।" असेल तिथे काय झालं असेल? ६१. आणि एकसष्ट मिलिमीटर अशक्य नाही. सव्वासहा म्हणजे ढेकूळ भिजेल न भिजेल एवढा, एकसष्ट म्हणजे अतिवृष्टीच्या दारातला, आणि दोन्ही कोणतीही लायब्ररी बिनतक्रार वाचते.

मग आम्ही एकने संपणारे सगळे मोठे आकडे काढले आणि मूळ वही घेऊन बसलो. बरेचसे अक्षरावरून कळले. काही पानं भिजून शाई पसरलेली, तिथे दंड की एक, काही कळेना. तात्यांनी तिथे वेगळीच तऱ्हा काढली. ते त्या आकड्याकडे बघतच नव्हते, पुढच्या दोन दिवसांत काय लिहिलंय ते बघत होते. "हे बघ, दुसऱ्या दिवशी कुळव धरलाय. एकसष्ट पडला असता तर चार दिवस वाफसा आला नसता, रानात पाय ठेववला नसता. सव्वासहाच ह्यो." दुसऱ्या ठिकाणी पुढे लिहिलं होतं "ओढ्याला पाणी, शाळा सोडली." तो एकसष्टच.

असे नऊ निकालात निघाले, एक राहिला. २००९ चा सप्टेंबर, भिजलेलं पान, आणि खाली दुसऱ्या दिवशीची नोंद "नळी फुटली". तात्या बराच वेळ चष्मा वर-खाली करत होते. मी विचारलं, काय धरायचं? "काय धरू नको. लिवणारा मीच हाय, आन मलाच आठवंना."

फाइलमध्ये ते घर रिकामं आहे.